आईच्या पाटल्या आणि कॅमेऱ्याचं दुसरं कार्ड

पत्र : काका, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. वय २४. चार वर्षं झाली, बेळगावात शहापूरच्या एका स्टुडिओत हेल्पर आहे. गेल्या लगीनसराईत मालकांबरोबर वीसेक लग्नं केली आणि तीन लग्नं माझ्या स्वतःच्या नावावर मिळाली. त्यांना मालकांचाच जुना डीएसएलआर नेला होता. आता स्वतःचा मिररलेस (आत आरसा नसलेला, नव्या पद्धतीचा कॅमेरा) घ्यायचा आहे. मनात कॅनन आर६ मार्क २ बसलाय, पण नुसत्या बॉडीचेच, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचेच, दुकानदार दोन लाखांच्या वर सांगतो. माझ्याकडे साठवलेले १ लाख १० हजार आहेत. लेन्स धरून दोनेक लाख कमी पडतात. आई पाटल्या गहाण ठेवायला तयार आहे, सोसायटी वर्षाला १२ टक्के व्याज लावते. मित्र म्हणतो, कॅननचाच छोटा आर५० घे, किट लेन्ससकट (बॉडीबरोबर येणाऱ्या साध्या लेन्ससकट) सत्तर हजारांत येतो, फोटो सारखाच निघतो. मालक म्हणतात, ते खेळणं घेऊन लग्नात उभा राहिलास तर लोक हसतील. मोठा कॅमेरा भाड्याने दिवसाला अडीच हजारांना मिळतो. कुणाचं ऐकू?

उत्तर : आधी पाटल्यांचं सांगतो, म्हणजे तुझ्या आईला आज रात्री झोप लागेल. त्या कपाटातच राहू देत. आता का ते सांगतो. पण मित्राचं सगळं खरं आणि मालकांचं सगळं खोटं, असं मात्र धरून बसू नकोस. दोघंही अर्धं अर्धं बरोबर बोलतात, आणि तुझं नुकसान होईल ते नेमकं उरलेल्या अर्ध्यात.

मित्राचं अर्धं बघू. आर६ मार्क २ आला नोव्हेंबर २०२२ मध्ये, आर५० त्यानंतर तीन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये. दोन्ही २४.२ मेगापिक्सेलचे. आतलं प्रोसेसर डिजिक एक्स, दोन्हींत तेच. माणसाचा डोळा शोधून त्याला धरून ठेवणारी फोकसची पद्धतही एकाच घराण्यातली. सकाळी दहाच्या उन्हात, घराच्या अंगणात, मांडवाच्या दारात नवरीला उभी करून दोन्हींनी फोटो काढ आणि १२ बाय ३६ च्या अल्बमवर छाप. कुठला कुठल्याचा हे तुझ्या मालकांनाही सांगता येणार नाही, मलाही नाही. त्या अल्बमच्या एका पानाला, म्हणजे १२ बाय १८ इंचाला, छपाईच्या हिशोबाने ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. आर५० ची फाईल ६००० बाय ४००० ची. पुरून उरते.

पण लग्न दिवसभर अंगणात लागत नाही.

संध्याकाळची हळद डोळ्यांसमोर आण. मंगल कार्यालयाचा मागचा हॉल, छताला चार ट्यूब, त्यातली एक फडफडणारी, आणि व्हिडिओवाला आपला एलईडी पॅनल घेऊन नेमका तुझ्या समोर उभा. आर५० बरोबर येणारी १८-४५ ची किट लेन्स पुढे ओढलीस की तिचं तोंड एफ ६.३ पर्यंत आवळतं (एफचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). मग आयएसओ (कॅमेऱ्याने प्रकाश वाढवून दाखवायची पातळी) १२,८०० वर न्यावा लागतो आणि पिवळ्या हळदीत रांगोळीसारखे दाणे दिसायला लागतात. तू म्हणशील, बघा, म्हणून तर मोठा कॅमेरा हवा. थांब. त्याच आर५० वर ५० एमएम, एफ १.८ ची साधी लेन्स लाव. ६.३ पेक्षा १.८ मधून बारा पट प्रकाश आत येतो. १२,८०० चा आयएसओ हजारावर उतरतो.

मोठ्या कॅमेऱ्याचा फुल फ्रेम सेन्सर (प्रकाश टिपणारी आतली चिप) आर५० च्या लहान, एपीएस-सी मापाच्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने अडीच पट मोठा. म्हणजे फायदा साधारण सव्वा ते दीड स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). फायदा खराच आहे, मी नाही म्हणत नाही. पण सेन्सर देतो अडीच पट आणि लेन्स देते बारा पट. आता कर्ज काढणाऱ्या पोरांचं नेहमी काय होतं ते सांगतो. बॉडीतच पैसे संपतात. मग 'सध्या ही चालवू' म्हणून बॉडीबरोबर मिळणारी स्वस्त २४-१०५ घेतात, जिचं तोंड पुढच्या टोकाला एफ ७.१ वर जातं. मोठा सेन्सर धरूनही हा दोन लाखांच्या वरचा संच त्या हळदीच्या हॉलमध्ये आर५० आणि ५० एमएमच्या मागे पडतो. थोडाथोडका नव्हे, प्रकाशाच्या हिशोबात सहा पट मागे. माझ्या ओळखीत अशा दोन पोरांनी मोठा कॅमेरा घेतला आणि वर्षभर फ्लॅशच्या पांढऱ्या झोतातच लग्नं काढली. नवरीच्या नाकावर चमक, मागे काळोख. कॅमेरा बघून लोक हसले नाहीत हे खरं, पण अल्बम बघून पुढचं काम दुसऱ्याला दिलं.

एक लक्षात ठेव, ५० एमएम आर५० वर ८० एमएमसारखी दिसते, कारण कॅननचा हा छोटा सेन्सर चित्र १.६ पटीने कापतो. चेहऱ्याला झकास, पण खोलीत देवकापुढे बसलेले आई-वडील आणि भटजी एका फ्रेममध्ये घ्यायला पाठ भिंतीला टेकते. तिथे किट लेन्सचं १८ चं रुंद टोक आणि फ्लॅश छताला मारून काम भागव. पुढे पैसे आले की सिग्माची १८-५० एफ २.८ बघ. जुलै २०२४ पासून ती कॅननच्या आरएफ माउंटमध्ये (लेन्स बसवायच्या जोडणीत) मिळते, वजन जेमतेम ३०० ग्रॅम. छोट्या बॉडीवर लग्न करणाऱ्याला माझ्या मते याहून कामाची लेन्स नाही.

फ्लॅशवरून आठवलं. दुकानदार हे सांगत नाहीत आणि पोरं लग्नाच्या सकाळी शोधून काढतात. स्टुडिओतला जुना फ्लॅश आर५० वर नुसता सरकवला तर पेटत नाही. या कॅमेऱ्यावरच्या शूची, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेची, रचना नवीन आहे, जुन्या फ्लॅशसाठी एडी-ई१ नावाचा छोटा ॲडॅप्टर मध्ये घालावा लागतो. आर६ मार्क २ ला ही भानगड नाही. आर५० घेशील तर ॲडॅप्टर त्याच बिलात घे आणि दुकानातच फ्लॅश चार वेळा उडवून बघ.

आता मालकांचं अर्धं. ते 'खेळणं' म्हणाले त्याचा राग मानू नकोस. त्यांना जे म्हणायचंय ते त्यांना नीट सांगता आलं नसेल. मी सांगतो, कारण मी ते भोगलंय.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. निपाणीकडचं लग्न, मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. कॅमेऱ्यात एकच कार्ड. अंतरपाट, मंगलाष्टकं, अक्षता, हार, मंगळसूत्र, सगळं त्या एका कार्डावर. सप्तपदीला मी मागचा एक फोटो बघायला बटण दाबलं आणि पडद्यावर आलं, कार्ड वाचता येत नाही. काढलं, शर्टाला पुसलं, परत घातलं. तेच. दुसरं कार्ड घालून उरलेलं लग्न काढलं. हात चालत होते, डोकं चालत नव्हतं. रात्री घरी संगणकावर कार्डातून जे परत मिळालं त्यात अर्धे फोटो असे होते की वरच्या भागात नवरीच्या मुंडावळ्या आणि खाली सगळी राखाडी पट्टी. मंगळसूत्राचा एकही धड निघाला नाही. मी मुलीच्या वडिलांना भेटून सांगितलं. माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "एक पण नाही काय ओ?"

पैसे परत केले. त्या गावात पुन्हा गेलो नाही.

मोठ्या कॅमेऱ्यात तू जे विकत घेतोस त्यातली खरी वस्तू ही. आर६ मार्क २ मध्ये कार्डाच्या दोन खाचा आहेत. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर लिहायला सांगता येतो. एक मेलं तर दुसरं आहे. आर५० मध्ये खाच एकच, तीही खाली बॅटरीच्या झाकणात. ट्रायपॉडची किंवा गिंबलची (कंप झेलणाऱ्या दांड्याची) प्लेट लावली असेल तर कार्ड बदलायला आधी प्लेट सोडवायची.

बाकीचे फरकही याच जातीचे. दिसत नाहीत, पण दिवसभर अंगावर येतात. आर५० ची बॅटरी १,०४० एमएएचची, मोठ्याची २,१३० ची. तुला आर५० ला तीन तरी बॅटऱ्या लागतील, मोठ्याला दोन. मोठ्यात सेन्सर स्वतः हलून हाताचा कंप झेलतो, आर५० मध्ये ती सोय नाही. त्यामुळे वरातीत चालत व्हिडिओ घेतलास तर बघणाऱ्याला बेळगाव-चोर्ला रस्त्यावरून बसने गेल्यासारखं वाटेल. आर५० ला फोकसचा ठिपका हलवायला मागे जॉयस्टिक नाही, चाक एकच. घाईत पडद्यावर बोट घासत बसावं लागतं. हेडफोन लावून आवाज तपासायची जागा नाही, म्हणून व्हिडिओचं काम घेणार असशील तर आवाज वेगळा रेकॉर्ड कर. रॉ मध्ये (कच्च्या, मोठ्या फाईलमध्ये) बटण दाबून धरलंस तर आर५० सेकंदभरात दमतो आणि तेवढ्यात हार घालून झालेला असतो. आणि पाऊस. मोठ्याच्या बॉडीला सांध्यांना रबर आहे, तुषार सोसतो. छोट्याला काही नाही. पण मोठ्यालाही लेन्स तशीच रबरवाली लागते, ५० एमएमची स्वस्त लेन्स तशी नाही. तेव्हा कणकुंबीच्या पावसात दोन्हींना छत्रीच धरायची.

वजनात मात्र छोटा जिंकतो. बॅटरी-कार्डासकट ३७५ ग्रॅम, मोठा ६७० चा. पहाटे घाणा भरण्यापासून रात्री पाठवणीपर्यंत गळ्यात वागवल्यावर मान हा फरक सांगते. मोठ्याच्या जाहिरातीत सेकंदाला ४० फोटो लिहिलेत, त्याला भुलू नकोस. ते इलेक्ट्रॉनिक शटरवर, म्हणजे आतली झडप न हलवता. हॉलमध्ये ते लावलंस तर एलईडीच्या भिंतीवर आडवे पट्टे येतात, नाचणाऱ्याचा हात वाकडा दिसतो, आणि फ्लॅश तर पेटतच नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेव, निम्मे पट्टे तिथेच जातात.

मग करायचं काय? तुझ्याच पत्रातले आकडे घेऊ. कर्ज दोन लाख, व्याज १२ टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी २४ हजार नुसतं व्याज. तुझ्या नावावरची लग्नं तीन. हळद आणि अक्षता असे दोन दिवस धरले तर सहा दिवसांचं भाडं १५ हजार. मोठा कॅमेरा वर्षभर भाड्याने आणून तू स्वतःची सगळी लग्नं दोन कार्डांवर काढलीस तरी व्याजापेक्षा नऊ हजार कमी जातात. मुद्दल आणि पाटल्या दोन्ही घरात.

म्हणून माझं मत असं. आर५० किट लेन्ससकट घे, ५० एमएम एफ १.८ घे, ॲडॅप्टर, दोन जादा बॅटऱ्या आणि चांगल्या कंपनीची चार कार्डं घे. दुकानात अडून भाव कर, १ लाख १० हजारांत हे बसायला हवं. मालकांबरोबर जाशील तिथे हाच वापर. बारसं, डोहाळजेवण, शाळेचं गॅदरिंग, दुकानाचं उद्घाटन, प्री-वेडिंग, सगळं यावर घे. हलशीच्या देवळांपुढे नाहीतर राजहंसगडावर सकाळच्या उन्हात जोडप्याला उभं केलंस की कुणी विचारत नाही कॅमेरा कुठला. ज्या लग्नात तू एकटा जबाबदार आहेस तिथे मोठा भाड्याने आण आणि आर५० दुसऱ्या खांद्याला ठेव. फुल फ्रेम बॉडीला ५० एमएम लावलीस तर ती खरी ५० वाटते, देवकाची अडचणही सुटते. लेन्सचा माउंट दोन्हींचा एकच, त्यामुळे आज घेतलेली ५० एमएम उद्या मोठ्या बॉडीवरही चालते.

भाड्याचं एक सांगून ठेवतो. वैशाखातल्या दाट मुहूर्ताच्या दिवशी बेळगाव, कोल्हापूर, हुबळी सगळीकडे एकच रड असते, कॅमेरा शिल्लक नाही. लग्नाची सुपारी घेतलीस की त्याच दिवशी भाड्याच्या कॅमेऱ्याला आगाऊ रक्कम देऊन ये. आणि भाडं ग्राहकाच्या दरात धर, स्वतःच्या मजुरीतून कापू नकोस. आदल्या संध्याकाळीच कॅमेरा ताब्यात घे आणि दोन्ही खाचांत कार्डं घालून, दोन्हींवर फोटो उमटतो का ते घरी बघ. बहुतेक कॅमेऱ्यांत फोटो एका वेळी एकाच कार्डावर जावा असं लावून ठेवलेलं असतं. ते बदललं नाहीस तर दोन खाचा असून नसल्यासारख्या.

स्वतःच्या नावावर वर्षाला दहा लग्नं व्हायला लागली की भाडंच पन्नास हजारांवर जाईल. तेव्हा मोठा घ्यायची वेळ आली. तेव्हाही नवाच हवा असं नाही. २०२० चा पहिला आर६ वापरलेला मिळतो. २०.१ मेगापिक्सेलचा, दोन कार्डांचा, कंप झेलणारा. त्याची फाईल ५४७२ बाय ३६४८ ची, म्हणजे वर सांगितलेलं अल्बमचं पान त्यातही बसतं. जुना घेताना लेन्सवर टोपी ठेवून, आयएसओ चढवून एक काळा फोटो काढ आणि पडद्यावर मोठा करून बघ. त्यात रंगीत रेघ दिसली तर हात जोडून परत ये. ती बहुधा लेझरची भाजणी असते. मिररलेस चालू असताना सेन्सर सताड उघडा असतो. शिवजयंतीच्या चित्ररथांत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत डीजेचा लेझर सरळ लेन्समध्ये शिरला तर सेन्सर कायमचा डागतो. छोटा असो की मोठा, लेझर किमतीला बघत नाही. लेझर लोकांच्या अंगावर फिरायला लागला की कॅमेरा खाली कर. तो एक फोटो गेला तर जाऊ दे.

कोल्हापुरात दोन हजारांनी स्वस्त मिळतो म्हणून जायचं असेल तर जा, पण पक्कं बिल आणि कंपनीच्या भारतातल्या वॉरंटीचं कार्ड घेतल्याशिवाय पैसे मोजू नकोस. बिघडला तर दुरुस्तीला कुठे पाठवतात आणि किती दिवस लागतात, हेही काउंटरवरच विचार. लगीनसराईत तीन आठवडे कॅमेरा हातात नसला तर ते दोन हजार कुठल्या कुठे जातात.

आणि लोक हसतील म्हणतोस. मुलाकडचा एखादा मामा येईल, तुझ्या हातातली एवढीशी बॉडी बघून म्हणेल, "एवढाच काय रे?" त्याला त्याच्याच नातीचा फोटो काढून मागच्या पडद्यावर दाखव. मी तरी आजपर्यंत नातीचा फोटो बघून कॅमेऱ्याची किंमत विचारणारा मामा बघितला नाही.

शेवटचं, तुमच्या खानापूरच्या पावसासाठी. जून ते सप्टेंबर तुमच्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तशी ती लेन्सच्या आतल्या काचेवरही कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. गावाकडे लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवायची पद्धत आहे. तसं करू नकोस, तांदळाची भुकटी सांध्यांत जाऊन बसते. रबराच्या झाकणाचा घट्ट डबा घे, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक, आणि दाणे रंग बदलले की मंद आचेवर तव्यात परतून कोरडे कर. आईला आधी सांगून ठेव मात्र, आणि तवा जुना घे. तो परत भाकरीला लावायचा नाही.